मॉडेलर थेट स्टुडिओ मॉनिटरमध्ये: वर चरचर, खाली घुमणं, मधे काहीच नाही

केळीबाग (जळगाव)
उलटे प्रश्न टळावेत म्हणून आधी सगळी मांडणी लिहितो. एचएक्स स्टॉम्प (मॉडेलर, म्हणजे गिटार अँपची डिजिटल नक्कल करणारं मशीन), त्यातून दोन केबल थेट यामाहा एचएस ५ या स्टुडिओ मॉनिटरच्या (स्पीकरच्या) जोडीत. मधे इंटरफेस नाही, मिक्सर नाही. गिटारला ब्रिजवर हंबकर (दोन कॉइलचा पिकअप), नेकवर सिंगल कॉइल. खोली दहा बाय दहा, उंचीही दहाच, वर स्लॅब, खाली फरशी. टेबल भिंतीला चिकटून, मॉनिटर टेबलावर, खुर्ची साधारण खोलीच्या मधोमध.

हेडफोनवर आवाज ठीक वाटतो. तोच पॅच (साठवलेली सेटिंग) मॉनिटरवर लावला की वर चरचर, खाली घुमणं आणि मधला भाग गायब. ए तारेवर पाम म्यूट केलं (तळहात तारेवर टेकवून वाजवलं) की टेबल हलतं, जाड ई वर मात्र तेवढं नाही. फॅक्टरी पॅच असो की विकतचे, सगळ्यांची तीच गत. अँपचा ट्रेबल उतरवला तर चरचर जात नाही, उलट गिटार रजईत गुंडाळल्यासारखी वाटते.

दोष सेटिंगचा की खोलीचा, आणि कोणत्या क्रमाने शोधायचा? कॅब (स्पीकरपेटीची नक्कल), आयआर (खऱ्या कॅब-माइकच्या आवाजाची नोंदवलेली फाइल) यांचं नेमकं काय करायचं? आणि ‘खोलीत अँप वाजतोय’ असा आवाज मॉनिटरमधून मिळतो का, की तो नाद सोडायचा?

मशीन विका आणि ट्यूब अँप घ्या, हे उत्तर माहीत आहे. ते सोडून बोला.

ट्यूबवाला_धुळे
मशीन विका आणि ट्यूब अँप घ्या.

दादर_भाकर
झालं. धागा बंद करा, चहा घ्या.

शेवभाजी५७
तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचा गोंधळ तिथूनच होतो.

गिटार अँपचा १२ इंची स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने खाली येतो. शिवाय तो गुडघ्याच्या उंचीवर असतो आणि त्याचा तीक्ष्ण भाग समोर सरळ रेषेत जातो, आपल्या कानाला बाजूचा, मऊ आवाज मिळतो. मॉनिटर याच्या नेमका उलटा: ट्वीटर २० किलोहर्ट्झच्याही पुढे जातो आणि तो थेट कानावर रोखलेला असतो. मॉडेलर तुम्हाला जे देतो ते आहे ‘कॅबसमोर इंच-दोन इंचावर माइक ठेवून कंट्रोल रूममध्ये ऐकलेली गिटार’. रेकॉर्डवर ऐकता तोच आवाज. त्यामुळे ‘खोलीतला अँप’ मॉनिटरमधून जसाच्या तसा मिळणार नाही. तो हवाच असेल तर कॅब ब्लॉक बंद करून पॉवर अँप आणि खरा गिटार स्पीकर लावा. रेकॉर्डसारखा आवाज हवा असेल तर मात्र मॉनिटरसारखं साधन नाही.

आता क्रम. नवा रिकामा पॅच घ्या. एक अँप, एक कॅब, बस. रिव्हर्ब, डिले, कॉम्प्रेसर काही नाही. फॅक्टरी पॅच दुरुस्त करत बसू नका, त्यात कुठे काय दडलंय ते शोधण्यातच रात्र जाते. मग अँपचं एकही बटण न हलवता कॅबमधला माइक सरकवा. एसएम५७ (कॅबसमोर लावायचा नेहमीचा माइक) स्पीकरच्या शंकूच्या मध्यावरच्या टोपीसमोर असेल तर आवाज टोकदार. टोपीच्या कडेला आणला की बराच माणसात येतो. आणखी बाहेर शंकूवर नेला की मऊ आणि जाड. तुमची चरचर अर्धी इथेच जाईल. ट्रेबल उतरवून ती जात नाही कारण अँपचा ट्रेबल साधारण २–३ किलोहर्ट्झच्या आसपास काम करतो, चरचर त्याच्या बरीच वर असते. ट्रेबल उतरवला की गिटारचा चावा जातो, किरकिर तशीच राहते. म्हणूनच ती रजई.

मग कॅब ब्लॉकमध्येच लो कट (त्याखालचं कापणारा फिल्टर) ८० ते १०० हर्ट्झ आणि हाय कट (त्यावरचं कापणारा) ६ ते ८ किलोहर्ट्झ. फिल्टरचा उतार सौम्य असेल तर ६ च्या जवळ, तीव्र असेल तर ८ च्या जवळ. स्टँडर्ड ट्यूनिंगची सगळ्यात खालची ई ८२ हर्ट्झला असते, त्याखाली जे येतं ते बहुतेक हाताची धडधड.

केळीबाग (जळगाव)
कॅब ब्लॉकचे कट तर मी बंदच ठेवले होते. आणि आउटपुटला लाइन की इन्स्ट्रुमेंट? दोन्हीकडे आवाज येतो.

शेवभाजी५७
मॉनिटरसाठी लाइन. इन्स्ट्रुमेंट लेव्हल ही अँपच्या तोंडाशी लावायला असते. ती मॉनिटरला दिली तर मॉनिटरचा मागचा नॉब पार वर न्यावा लागतो आणि सोबत हिस वर येतो. केबल बॅलन्स्ड टीआरएस (पिनवर तीन भाग असलेली) वापरा. गिटारची साधी टीएस केबल चालते, पण लांब असेल तर गुणगुण पकडते. स्टिरिओ हेडफोनची वाय केबल मात्र यात घुसवू नका.

मांडे_आणि_मिड्स
शेवभाजी भाऊंनी सांगितलेलं सगळं बरोबर, पण क्रम मला पटत नाही. हेडफोनवर तोच पॅच ठीक आहे असं केळीबागने पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. हेडफोनला खोली नसते. म्हणजे घुमण्याचा दोष पॅचमध्ये नाही, खोलीत आहे. खोली न बघता माइक सरकवत बसलं तर एका खोलीपुरता टोन बनेल.

आता ए तारेचं बघा. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ३.०५ मीटर अंतर. २५ अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४६ मीटर. वेग भागिले अंतराच्या दुप्पट केलं की पहिला मोड (खोलीच्या मापामुळे घुमणारा सूर) येतो ५७ हर्ट्झ, दुसरा त्याच्या दुप्पट, म्हणजे ११३–११४. मोकळी ए तार ११० ला. तुमची लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दहा फूट, म्हणजे तिन्ही दिशांचे मोड एकाच जागी येऊन बसतात. यापेक्षा वाईट खोली मिळणं कठीण. ई ८२ ला आहे, तिच्या वाट्याला यातला एकही मोड येत नाही. टेबल ए वर का हलतं याचं उत्तर हेच.

आणखी एक. दुसऱ्या मोडचा दाब भिंतींपाशी आणि खोलीच्या बरोबर मध्यावर सर्वांत जास्त असतो. तुमची खुर्ची नेमकी तिथे आहे! ती पुढे घ्या. समोरच्या भिंतीपासून कानापर्यंत अंतर खोलीच्या लांबीच्या ३८ टक्के, म्हणजे पावणेचार फूट. रुंदीच्या दिशेने मात्र मधोमधच बसावं लागतं, नाहीतर डावं-उजवं बिघडतं. तेव्हा तो मोड खुर्ची हलवून पूर्ण सुटणार नाही.

दादर_भाकर
मे महिन्यात जळगावला ४५ अंश होतं. तेव्हा वेग वाढणार ना? मग कोणती तार घुमेल?

मांडे_आणि_मिड्स
हसायला विचारलं असेल, पण हिशोब लागतो. ४० अंशांना वेग ३५५ च्या आसपास जातो, दुसरा मोड ११६–११७ ला येतो. ए शार्प ११६.५ ला आहे. म्हणजे उन्हाळ्यात पहिल्या फ्रेटवरचं ए शार्प घुमेल आणि मोकळी ए थोडी शहाणी होईल.

दादर_भाकर
म्हणजे उन्हाळ्यात ए मध्ये आणि हिवाळ्यात जी मध्ये गाणी बसवायची. हाई खरं शे, भो.

नंदुरबारी_मिरची
एवढी खोली-बिली करायची गरज नाही. ग्लोबल ईक्यू (सगळ्या पॅचना एकदम लागणारा) उघडा, ११३ ला अरुंद कट मारा, ५ डीबी. वर ७ किलोहर्ट्झला हाय कट. सगळे पॅच एकदम सुधारतात. पाच मिनिटांचं काम.

शेवभाजी५७
मिरची, यातलं अर्धं बरोबर आणि अर्धं धोक्याचं. ११३ चा कट ग्लोबल ईक्यूमध्येच हवा, कारण दोष खोलीचा आहे आणि खोली सगळ्या पॅचला सारखीच आहे. पण हाय कट ग्लोबलमध्ये टाकू नका. क्लीन टोनला ८ लागेल, हाय गेनला ६ लागेल, ॲकॉस्टिकचा पॅच असेल तर काहीच नको. खोलीचं औषध ग्लोबलमध्ये, टोनचं पॅचमध्ये. बाहेर वाजवायला जाताना ग्लोबल ईक्यू बंद करायचा, हे मशीनवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. नाहीतर मंडपात ११३ चा खड्डा घेऊन उभे राहाल आणि साउंडवाल्याशी भांडाल.

अरुंद म्हणजे किती? क्यू (आकडा जितका मोठा तितका कट अरुंद) ४ ते ६. त्याहून रुंद केलात तर जी पासून सी पर्यंत सगळं पोकळ होईल.

मांडे_आणि_मिड्स
आणि ईक्यूने शिखर उतरतं, खड्डा भरत नाही. केळीबाग म्हणतो ‘मधे काहीच नाही’, तो बहुतेक भिंतीचा खड्डा आहे. मॉनिटरच्या शंकूपासून मागची भिंत ३० सेंमीवर असेल तर मागून परतलेला आवाज २८५ हर्ट्झच्या आसपास उलट्या फेजमध्ये येऊन थेट आवाजाला मारतो. गिटारचं अंग नेमकं तिथेच असतं. तिथे ईक्यूने ६ डीबी वाढवलं तर परतणारा आवाजही तेवढाच वाढतो, हाती काही लागत नाही.

टेबलाच्या पृष्ठभागावरून परतणारा आवाज असाच दुसरा खड्डा करतो. मॉनिटर स्टँडवर किंवा विटांच्या थरावर उचला, विटेवर रबराचा तुकडा, ट्वीटर कानाच्या उंचीला. दोन मॉनिटर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण. या खोलीत बाजू ९० सेंमी ते १ मीटर पुरे.

ट्यूबवाला_धुळे
सगळीकडे लिहिलेलं असतं, मॉनिटर भिंतीपासून मीटरभर पुढे ओढा. ते करा ना.

मांडे_आणि_मिड्स
दहा फुटांच्या खोलीत मीटरभर पुढे ओढले तर खुर्ची दारात जाईल, दादा. आणि एक मीटरवर खड्डा जात नाही, खाली ८५ हर्ट्झला सरकतो, म्हणजे थेट ई तारेवर. छोट्या खोलीत उलट करायचं: मागच्या पोर्टला श्वास घ्यायला १० सेंमी सोडून मॉनिटर भिंतीजवळच ठेवायचे, बेस वाढतो तो मागच्या रूम कंट्रोल स्विचने उतरवायचा. एचएस ५ ला ०, −२, −४ असे तीन टप्पे आहेत, ५०० हर्ट्झच्या खाली काम करतात. −२ पासून सुरू करा. मग मागच्या भिंतीवर, मॉनिटरच्या बरोबर पाठीशी, शोषणारं काहीतरी जाड लावा.

केळीबाग (जळगाव)
शोषणारं म्हणजे ते काळे फोमचे पिरॅमिड?

मांडे_आणि_मिड्स
इंचभर फोम फक्त वरचा चकचकीतपणा खातो, २८५ ला त्याचा स्पर्शही होत नाही. खोली आणखी बोथट आणि तेवढीच घुमणारी होते. ५० मिमी जाडीची, घनमीटरला ४८ किलो घनतेची रॉकवूलची स्लॅब लाकडी चौकटीत, वर मांजरपाट ताणून, भिंतीपासून आणखी ५० मिमी सोडून. हातमोजे आणि तोंडाला रुमाल, ते टोचतं. हे नको असेल तर कापसाची जुनी गादी. चार-पाच इंची, पिंजून घेतलेली असेल तर उत्तम, दबून पापड झालेली नको. एक मॉनिटरच्या मागे, एक पाठीमागच्या भिंतीला. बाजूच्या भिंतींवर पहिलं परावर्तन कुठे पडतं ते आरसा सरकवून बघा: खुर्चीतून आरशात ट्वीटर दिसला की तिथे गोधडी किंवा पॅनेल. खाली फरशीवर सतरंजी.

मात्र गादीकडून ११३ हर्ट्झची अपेक्षा ठेवू नका. त्या सुराची पाव लांबी पाऊण मीटर भरते, पाच इंची गादी तिथे काय करणार.

दादर_भाकर
खान्देशात बसून कापसाची चिंता? जिनिंगवरून दोन गठाणी आणा, कोपऱ्यात उभ्या करा.

शेवभाजी५७
एक गठाण १७० किलोची. आणि दाबलेला कापूस इतका घट्ट असतो की आवाज आत शिरतच नाही, भिंतीसारखा परततो. कोपऱ्यात ठेवायचाच तर सैल कापूस, जाळीच्या चौकटीत, फरशीपासून छतापर्यंत, एकेक बाजू दीड-दोन फूट. आणि त्याच्या जवळ एक्स्टेन्शन बोर्ड नको. कापूस आहे, आग धरायला वेळ लागत नाही.

भुसावळ_जंक्शन
इतकी चर्चा झाली, विजेचं कोणी बोललं नाही. मॉनिटरमधून गुणगुण येते का? येत नसेल तर पुढचं वाचू नका.

केळीबाग (जळगाव)
येते. लॅपटॉपची यूएसबी लावली की किर्र असा बारीक आवाज. सिंगल कॉइलवर वेगळी भुणभुण, ती पंखा दोनवर असला की जास्त.

भुसावळ_जंक्शन
दोन वेगळे आजार आहेत, वेगळं वेगळं बघा.

गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. आवाज गेला तर दोष पिकअपच्या बाजूला, राहिला तर वीज किंवा केबल. पिकअपच्या बाजूला असेल तर जागेवरच गोल फिरा. फिरताना कमी-जास्त होत असेल तर चुंबकीय हम, आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचा किंवा मोटरचा. तारांना हात लावल्यावर कमी होत असेल तर गिटारच्या आतलं शील्डिंग तोकडं.

पंख्याचं कारण रेग्युलेटर. आत ट्रायॅक असलेला, सलग फिरणारा रेग्युलेटर लहरीचे तुकडे करतो आणि ते तुकडे सिंगल कॉइल पकडते. पंखा पूर्ण वेगावर किंवा बंद ठेवून बघा, भुणभुण गेली तर पक्कं. कपॅसिटरचा टप्प्याटप्प्याचा रेग्युलेटर बसवा, तो शांत असतो. दिव्याचा डिमर असेल तर त्याचीही तीच कहाणी. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरवर वाजवत असाल तर तो शुद्ध साइन वेव्हचा हवा. चौकोनी लहरीचा असेल तर हम काही केल्या जात नाही.

आता यूएसबीची किर्र. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गेली तर ग्राउंड लूप किंवा चार्जरचा आवाज. मॉनिटर, मॉडेलर, लॅपटॉप तिन्ही एकाच बोर्डवरून घ्या. तरी राहिली तर मॉडेलर आणि मॉनिटरच्या मधे ट्रान्सफॉर्मर आयसोलेटर लावा.

अर्थची पिन काढून हम घालवायचा सल्ला कोणी दिला तर त्याच्याकडून वीजबिलसुद्धा भरून घेऊ नका. मॉनिटरच्या आत बिघाड झाला तर तो करंट केबलमधून मॉडेलरवर, तिथून गिटारच्या तारांवर आणि तुमच्या हातावर येतो.

ट्यूबवाला_धुळे
हे मात्र सोळा आणे. त्यात आपल्याकडच्या अर्थिंगचे उन्हाळ्यात हाल असतात.

भुसावळ_जंक्शन
काळी माती सुकली की आकसते, भेगा पडतात आणि अर्थच्या पाइपपासून सुटते. मातीतला संपर्कच गेला तर अर्थ नावापुरता. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात व्होल्टेज बघा. एक-दोन व्होल्ट चालतं, दहा-वीस दिसले तर वायरमनला बोलवा. अर्थच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी टाकत राहायचं.

आणि ॲडॅप्टर. एचएक्स स्टॉम्पला ९ व्होल्ट, ३ ॲम्पिअर, मधली पिन निगेटिव्ह. पेडलबोर्डच्या सप्लायचं ५०० मिलिॲम्पिअरचं तोंड त्याला पुरत नाही. व्होल्ट जुळले म्हणजे झालं, असं नसतं.

बेंजोमास्टर_चोपडा
थोडं वेगळं विचारतो, रागावू नका. लग्नाच्या बँडमधला बेंजो अशा मशीनमधून घेता येईल का? पिकअप तारांखाली आहे. सध्या थेट मिक्सरमध्ये देतो, खणखण फार येते आणि बटण दाबल्याचा टकटकही येतो.

नंदुरबारी_मिरची
मार्शल लावा, डिस्टॉर्शन दहावर. वरात पळून जाईल.

शेवभाजी५७
मिरची गप. मास्टर, घेता येईल आणि चांगला घेता येईल. अँप क्लीन निवडा, फेंडर जातीचा, गेन २–३. बेस कमी, मिड थोडा वर. गिटारची कॅब लावली की वरची खणखण आपोआप कमी होते. फार बोथट वाटली तर हाय कट ८ किलोहर्ट्झपर्यंत उघडा. लो कट १५० ला न्या, टकटकचा मोठा भाग तिथे असतो. कॉम्प्रेसर हलका, अटॅक फार संथ नको, नाहीतर टकटक पुढे येते. डिस्टॉर्शन टाळा: बेंजोत एकच सूर अनेक तारांवर वाजतो आणि बाजूच्या तारा सतत चालू असतात. थोडा गेन वाढला की सगळं एकमेकांत कालवलं जातं. ॲनालॉग डिले ३५० मिलिसेकंदांच्या आसपास, मिक्स २० टक्के. अहिराणी गाण्यांच्या चालींना तो शोभतो.

बेंजोमास्टर_चोपडा
लिहून घेतलं. धन्यवाद.

नंदुरबारी_मिरची
आता गंमत सोडून हाय गेनचं. चरचरीचा मोठा भाग कॅबमध्ये नसतो, गेनमध्ये असतो. माइकने रेकॉर्ड केलेल्या गिटारला वाटतं त्यापेक्षा बराच कमी गेन लागतो. ब्रिट २२०४ (मार्शल जातीचं अँप मॉडेल) घ्या, ड्राइव्ह ५, बेस ३, मिड ६.५, ट्रेबल ५, प्रेझेन्स ३. त्याच्या आधी ट्यूब स्क्रीमर: ड्राइव्ह शून्य, टोन मध्यावर, लेव्हल ८ ते १०. तो डिस्टॉर्शनसाठी नसतो, खालचा गाळ अँपमध्ये शिरण्याआधी कापायला असतो. त्याचा फुगवटा ७०० हर्ट्झच्या आसपास आहे, पाम म्यूट सुटसुटीत होतात. बेस अँपच्या आधी कापा, हवा असेल तर कॅबनंतर थोडा वाढवा. उलट केलं तर फरफर येणार.

एवढं करूनही एखादी शिट्टी कानात टोचत असेल तर कॅबनंतर पॅरामेट्रिक ईक्यू, क्यू ६, ६ डीबी वर, आणि ३ ते ५ किलोहर्ट्झमध्ये हळू फिरवा. जिथे सर्वांत असह्य होतं तिथे थांबा आणि तिथे ३ डीबी खाली करा. एकच ठिकाण, फार तर दोन. पाच ठिकाणी कापलंत तर गिटार राहणार नाही. फिरवताना मॉनिटरचा आवाज खाली ठेवा.

मांडे_आणि_मिड्स
आवाजावरून आठवलं, टोन कोणत्या लेव्हलला बनवता यावर अर्धा निकाल ठरतो. कमी आवाजात कानाला बेस आणि वरचा भाग कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलेली गोष्ट. रात्री घरचे झोपल्यावर हळू आवाजात बनवलेला पॅच दिवसा मोठ्याने लावला की घुमतो आणि टोचतो. मोठ्या स्टुडिओचं ८५ डीबी सांगतात, पण दहा फुटांच्या खोलीत ते फार होतं. ७५ ते ७८ पुरे. फोनवरचं आवाज मोजणारं ॲप, त्यात सी वेटिंग, स्लो. आकडा अगदी अचूक नसला तरी दर वेळी तोच ठेवा आणि नॉबवर खूण करा.

आणि कूलर बंद करा! डेझर्ट कूलरचा घोंगाट खालपासून वरपर्यंत पसरलेला असतो, त्यात गिटारचा खालचा भाग बुडतो, हात आपोआप बेसकडे जातो. कूलर चालू असताना बनवलेले पॅच ऑक्टोबरमध्ये ऐकवत नाहीत.

दादर_भाकर
मे महिन्यात कूलर बंद करून टोन शोधायचा? टोन मिळेल, माणूस मिळणार नाही.

मांडे_आणि_मिड्स
पहाटे पाचला बसा. नाहीतर वाजवा कूलर लावून, पण ईक्यूला हात लावू नका.

ट्यूबवाला_धुळे
गंभीरपणे एक विचारतो. दोन माइकचे आयआर मिसळतात, एसएम५७ आणि रिबन (मऊ आवाजाचा माइक). मॉडेलरमध्ये दोन्ही एकत्र लावले की आवाज पातळ होतो. हा दोष डिजिटलचाच ना?

शेवभाजी५७
नाही, खऱ्या माइकलाही हेच होतं. एक माइक दुसऱ्यापेक्षा एक इंच मागे असेल तर आवाज ०.०७ मिलिसेकंद उशिरा पोचतो, ४८ किलोहर्ट्झला साडेतीन सँपल. एवढ्याने वरचा भाग एकमेकाला खातो. दोघांचं अंतर सारखं ठेवा, किंवा एकाची पोलॅरिटी उलटवून बघा. उलटवल्यावर आवाज आणखी पातळ झाला तर आधीचीच बरोबर होती. तयार आयआर एकाच सत्रातले, एकाच संचातले घ्या, वेगवेगळ्या ठिकाणचे मिसळू नका. आणि एकच आयआर मनासारखा असेल तर दुसऱ्याची गरज नाही. हजार आयआर गोळा करून दर आठवड्याला बदलणाऱ्यांचा टोन कधीच ठरत नाही. चार ठेवा, बाकीचे उडवा.

आणखी एक: लॅपटॉपवर रेकॉर्ड करताना तिथल्या प्लगइनमध्येही कॅब चालू राहिली असेल तर दोन कॅब एकावर एक होतात. आवाज बोळ्यातून आल्यासारखा लागला की आधी हे बघायचं.

केळीबाग (जळगाव)
सगळ्यांचं थोडं थोडं करून आजची स्थिती अशी. खुर्ची पुढे, कान भिंतीपासून पावणेचार फूट. मॉनिटर विटांवर, रूम कंट्रोल −२, मागे गादी. मधला भाग परत आला, हा सर्वांत मोठा फरक. आउटपुट लाइनवर. ग्लोबल ईक्यूत ११४ ला −४, क्यू ५. पॅचमध्ये ब्रिट २२०४, मिरचीचेच आकडे, फक्त मिड ६ ठेवला. एसएम५७ टोपीच्या कडेला, लो कट ९०, हाय कट ६.८. कॅबनंतर ३.६ किलोहर्ट्झला एक ३ डीबीचा कट. पंख्याचा रेग्युलेटर बदलला, भुणभुण गेली. यूएसबीची किर्र बॅटरीवर नसते, चार्जर लावला की येते, आयसोलेटर मागवलाय.

क्लीन पॅच मात्र अजून काचेसारखा लागतो. सिंगल कॉइल, यूएस डबल (फेंडर जातीचं अँप मॉडेल), ट्रेबल ४.

शेवभाजी५७
त्या अँपला ब्राइट स्विच आहे, तो बंद करा. व्हॉल्यूम कमी असताना ब्राइट जास्त टोचतो. ट्रेबल परत ५ वर आणा आणि एसएम५७ ऐवजी रिबन माइक निवडा. तरी टोचलं तर गिटारचा टोन नॉब ७ वर. तो नॉब बहुतेक लोक जन्मात फिरवत नाहीत.

ट्यूबवाला_धुळे
हा एक सल्ला ट्यूब अँपलाही लागू.

केळीबाग (जळगाव)
ब्राइट बंद केला आणि रिबन लावला, बसलं. शेवटचं: गणपतीत मंडळाच्या पीएवर (मंडपातल्या साउंड सिस्टिमवर) हाच पॅच चालेल का?

शेवभाजी५७
ग्लोबल ईक्यू बंद. पॅचची प्रत करून त्यात लो कट १२० ला न्या, मंडपातले सबवूफर बाकीचं स्वतःहून देतात. रिव्हर्ब निम्मा. एकच केबल, लेफ्ट मोनोच्या तोंडातून. पिंगपाँग डिले असेल तर साधा करा. स्टेजपासून मिक्सर लांब असतो, मधे डीआय बॉक्स (लांब केबलसाठी सिग्नल बॅलन्स्ड करणारा) घ्या आणि हम आला तर त्याचा ग्राउंड लिफ्ट दाबा. मिक्सरच्या माइक इनपुटला लाइन लेव्हल थेट दिली तर फाटणारच, पॅड चालू करायला सांगा. साउंडवाल्याने गिटारच्या चॅनलचा ट्रेबल सवयीने वर ठेवलेला असतो. सगळे ईक्यू नॉब बारावर (मध्यावर) आणून मगच पहिला कॉर्ड वाजवा.